अकरा फडक्यांतली देवी

जपान, केइओ ४ (इ. स. १८६८), पाचवा महिना, ९ तारीख

ती. नुइताईस, धाकट्या इओरीचा सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस, मग वाच. काल तुझा केंपेई आपल्या देवळात आला होता. भाचा म्हणून नव्हे, नव्या सरकारचा अंमलदार म्हणून. हुकूम असा की कामींच्या, आपल्या मूळच्या देवांच्या, देवळात बुद्धाचं काहीही ठेवायचं नाही, गाभाऱ्यातली पेटी उघडून दाखवा. मी म्हटलं की बाबा रे, तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं पूजा केली, पण देवाचं अंग पाहिलं नाही. दर पिढीने जुन्या फडक्यावर नवं फडकं गुंडाळायचं, तेही डोळे मिटून. तर म्हणाला की मामा, तुम्ही मिटा, मी बघतो.

अकरा फडकी सुटली. आत काय, तर वीतभर लाकडी कान्नोन! बुद्धाकडची दयामाता! आपण डोंगरदेव म्हणून पिढ्यानपिढ्या जिच्यापुढे टाळ्या वाजवून हात जोडले, ती ही! हो, मीही डोळे उघडले, खोटं कशाला सांगू?

१८ला येऊन तो तिला अंगणात जाळणार आणि तिच्या जागी कामींची खूण म्हणून आरसा बसवणार. तोवर ती माझ्या ताब्यात. ताई, मी काय करू? उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
इओरी

१२ तारीख

चि. इओरी यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातली पळीच गळून पडली. कान्नोन निघाली याचं नाही रे एवढं. हजार वर्षं बुद्ध आणि कामी एका छपराखाली नांदले, कोण कुणाच्या पेटीत शिरलं कुणास ठाऊक! पण माझ्या पोराने बघितलं? आणि तूसुद्धा, मेल्या?

लग्नानंतर सहा वर्षं माझी कूस उजवली नव्हती. त्या गाभाऱ्यापुढे अनवाणी शंभर खेपा घातल्या, तेव्हा केंपेई झाला. पेटीत जी कोण होती तिनेच दिला ना? आणि हाच तिला जाळणार! अंगावर काटा येतो. त्याला सांगून उपयोग नाही, बापासारखाच हेकट.

तेव्हा घरातला जुना लाकडी बत्ता त्या फडक्यांत गुंडाळून पेटीत ठेव. ती मात्र मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात, आंबवलेल्या कोंड्याखाली दडवून माझ्याकडे पाठव. जिवाला जप.

तुझी ताई,
नुइ

१९ तारीख

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिंप परवाच हमालाबरोबर रवाना केलं. काल केंपेई आला. त्याने गाठोडं उचललं, हातात तोललं आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. मला वाटलं, आता हा गाठ सोडतो. पण त्याने न सोडताच ते आगीत टाकलं आणि कारकुनाला सांगितलं की मूर्ती जाळली असं लिही. म्हाताऱ्या बायका धाय मोकलून रडल्या. बत्त्यासाठी, ताई!

जाताना तो निरोपाला वाकला, तर त्याच्या बाहीला कोंड्याचा आंबूस वास. घाटातल्या चौकीवर परवा सामान तपासायला हाच होता म्हणे. हळूच कानात म्हणाला की मामा, आईला कळवा, त्या पिंपावर लोणचं दाबायचा दगड ठेवू नकोस म्हणावं.

लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

तुझा,
इओरी