द्वादशीचे पारणे होईपर्यंत मोटारीची चावी ठेवून घेण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी साहेब,
श्री. उत्तमराव भोईटे यांचे सेवेशी,
रेल्वे वसाहत, बनी पार्कजवळ, जयपूर.

विषय : माझ्या यजमानांच्या नवीन मोटारीची चावी येत्या रविवारपर्यंत आपल्या ताब्यात ठेवून घेण्याबाबत.

संदर्भ : क्वार्टरामागे लिंबाखाली मोटार उभी करण्यास आपण श्रावणात दिलेली लेखी परवानगी.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी गार्ड श्री. पंढरीनाथ खटावकर यांची पत्नी. अर्ज करण्याइतके हिंदी मला येत नाही आणि आपण साताऱ्याकडचे, म्हणून मराठीत लिहीत आहे. रागावू नये.

माझी मुलगी रत्नमाला बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मागच्या खेपेला ऐन वेळी रिक्षा मिळाली नाही आणि मूल हाती लागले नाही. तेव्हापासून यजमानांनी मोटारीचा ध्यास घेतला, आणि मी आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडले की, हिची सुखरूप सुटका व्हावी, चातुर्मास संपेपर्यंत दारी आलेल्या कोणालाही मी नाही म्हणणार नाही. त्या वेळी माझ्या मनात पीठ, गूळ, फार तर एखादे लुगडे होते. मोटारीचा नंबर इतक्यात लागेल असे कोणालाच वाटले नव्हते. ती निज श्रावणात आली. यंदा अधिक महिना असल्याने चातुर्मासही पाच महिन्यांचा झाला.

यजमानांनी मोटार मोती डुंगरीच्या गणपतीला नेऊन पूजा केली, घरी आणली, आणि त्याच आठवड्यात त्यांना प्रशिक्षणासाठी उदयपूरला जावे लागले. जाताना मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी चिकटवून सांगून गेले की, नवीन इंजिन अंगवळणी पडेपर्यंत चाळीसच्या वर न्यायचे नाही, ओझे लादायचे नाही, धक्के बसू द्यायचे नाहीत, पण रोज थोडे चालवायचे. डॉक्टरीणबाईंनी रत्नमालेला शब्दशः हेच सांगितले आहे, त्यामुळे मला लक्षात ठेवायला सोपे गेले. आपल्या जीपवरून निवृत्त झालेले देवरामभाऊ पहाटे मोटार रिकामी बस्सीपर्यंत नेऊन आणीत. मी तुळशीला पाणी घातले की तिलाही हळदीकुंकू वाहते. थंडीत ती दोनदा खाकरते आणि मग चालू होते, हे मला स्वयंपाकघरातून कळते.

माझा नेम देवरामभाऊंच्या तोंडून चहाच्या टपरीवर गेला. ते मुद्दाम बोलले नसावेत. पुढे जे झाले ते तक्रार म्हणून नव्हे, माहितीस्तव लिहिते. प्रथम एका आजोबांना स्टेशनवर सोडले. मग गव्हाची पोती चक्कीवर गेली. महिला मंडळाच्या भगिनी छापील चादरी आणायला सांगानेरला गेल्या, त्यांत आपल्या सौ. गिरिजाताईही होत्या, गठ्ठे टपावर होते. दसऱ्याला रामलीलावाल्यांनी रावणाची डोकी मागच्या सीटवरून नेली, पैकी दोन खिडकीबाहेर होती. यजमान दर पत्रात विचारतात, गाडी कशी आहे. मी खोटे लिहीत नाही. 'सर्वांच्या उपयोगी पडते आहे' असे कळवते. यावर त्यांचे उत्तर आले की, 'तुझे व्रत मोडू नकोस, पण माझे इंजिनही मोडू नकोस.' परवापासून ती तीनदा खाकरते.

हे सारे मी सोसले असते. परंतु गेल्या आठवड्यात मागच्या लाइनीतले सुखदेवजी आले. त्यांच्या मुलाचे लग्न शनिवारी, देवउठनी ग्यारशीला, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला आहे. नवरदेवासाठी त्यांना आमची मोटार पाहिजे. देवरामभाऊ मध्ये पडले, म्हणाले, नवीन इंजिन आहे, चाळीसची अट आहे. सुखदेवजी हसून म्हणाले, "अरे भैया, बारात तो पैदल की चाल चलती है. चालीस क्या, चार से ऊपर नहीं जाएगी." देवरामभाऊ म्हणतात, चार तास पहिल्या गिअरमध्ये बँडमागे रांगली तर पाणी उकळून ती रस्त्यातच बसेल. मी सुखदेवजींना गूळपाणी दिले आणि गप्प उभी राहिले. त्यांनी ते होकारार्थी घेतले. झेंडूच्या माळा सांगून झाल्या आहेत.

रत्नमालेची तारीखही ग्यारशीच्या आसपासचीच आहे. "मग तसं सांगा ना, वहिनी," असे देवरामभाऊ म्हणतात. पण कारण सांगणे म्हणजे लांबून दिलेला नकारच. ज्या लेकरासाठी शब्द दिला, ते वाटेवर असताना शब्द कसा मोडू? आणि नाही मोडला, तर त्या रात्री मोटार वरातीत असेल. इंजिनातली एक वायर काढून ठेवतो, असेही ते म्हणाले. ते कपट होईल. चावी दोन दिवस त्यांच्याजवळ ठेवून पाहिली, तर मंडळी माझ्याकडे येऊन म्हणू लागली, देवरामला सांगा. मी सांगितले.

सुखदेवजींच्या घरच्या मंगलकार्याचे मी वाईट चिंतीत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय आपल्या शब्दाने सहज होईल. आपल्यापाशी चावी मागण्याचे धाडस वसाहतीत कोणी करणार नाही. वस्तूच घरात नसेल तर नकार माझा ठरत नाही, असे माझ्या अल्पबुद्धीला वाटते. शास्त्रात चूक होत असेल तर तिचे पाप मला लागो, मुलीला नको.

तरी चावी सोबत जोडली आहे. ती कृपया आपल्या खिशात ठेवावी, घरात नको; सौ. गिरिजाताईंचा स्वभावही माझ्यासारखाच मऊ आहे. मात्र मधल्या काळात रत्नमालेला कळा सुरू झाल्या, तर मी वेळ-अवेळ न पाहता आपल्या दारी येईन. आजवर मी कोणाच्या दारी काही मागायला गेलेली नाही. त्या वेळी आपण मला नाही म्हणू नये, एवढीच प्रार्थना.

आपल्या दाराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
सौ. कलावती पंढरीनाथ खटावकर

कार्तिक शुद्ध अष्टमी, बुधवार,
दि. २० नोव्हेंबर १९८५

सोबत :
१) मोटारीची चावी, एक. (दुसरी यजमानांकडे उदयपूरला आहे.)
२) रविवारी पारण्याला आपण उभयतांनी यावे, ही विनंती. चावी येताना आणावी.