फडात कोवळा, फौजेत जून : उंब्रजच्या अर्जुनाबाबत

प्रति,
मेहेरबान भरती अधिकारी साहेब,
कॅम्प सातारा

विषय : अर्जुना यास पलटणीतून परत मिळणे, व जमादार लालासाहेब यांनी केले ते धर्माला धरून होते काय, याचा निवाडा होणेबाबत.
संदर्भ : गेल्या बुधवारची भरती.

महोदय,

अर्जदार राहीबाई, विधवा, राहणार उंब्रज, हिची विनंती अशी की,

१. पेन्शनीत आलेले जमादार लालासाहेब हे गावचे शूर. गोळ्या चुकवत जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन आले, त्याचे पदक त्यांच्या छातीवर आहे. ते खोटे, असे अर्जदार म्हणत नाही. त्यांनी तालीम काढली तेव्हा नारळ-विडा देऊन अर्जदाराने आपला एकुलता अर्जुना त्यांच्या ओटीत घातला. पोर त्यांचे अंग चोळी, पदक घासून लखलखीत करी, आणि तेच उशाशी घेऊन निजायला मागे.

२. चैत्रातल्या जत्रेत कोरेगावच्या एका थोराड मल्लाने अर्जुनाला कुस्तीसाठी हात दिला. लालासाहेबांनी भर फडात तो झिडकारला. "जोड न्हाई रं गड्या! पंधरा वर्साचं पोर हाय, हाडं कवळी हायती अजून!" गावभर ते झाले. अर्जदाराने त्या सांजेला वस्तादांवरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

३. जत्रेचा मांडव उतरला नाही तोच, साहेबांच्या टेबलापाशी उभे राहून याच लालासाहेबांनी "अठरा पुरी. मी वस्ताद, मीच पालक," असे शपथेवर सांगितले. कुस्तीला कोवळा तो बंदुकीला जून कसा झाला, हे साहेबांनीच त्यांना पुसावे.

४. अर्जदाराने जाब विचारला, तर म्हणाले, "आवं वैनी, त्यानंच पाय धरलं माजं. लय हिंमतीचं पोर!" पोर पाय धरणारच, जोड बघायची ती वस्तादाने. त्यांचा स्वतःचा सयाजी, वीस वर्षांचा, रेड्यासारखा, शेजारीच बदाम फोडत बसला होता. अर्जदाराची नजर तिकडे गेली, तर म्हणाले, "त्येचं पाऊल सपाट हाय, फौजेत घेत न्हाईत." वर पेढ्यांचा पुडा हातात कोंबला. अर्जदारास शिसारी आली. त्या घरचे पाणीही आता गळ्याखाली उतरायचे नाही.

५. अर्जदार सयाजीला मागत नाही. तोही कुणा आईचाच. मागणे एवढेच की, पलटणीचे जहाज सुटण्याआधी अर्जुना घरी यावा, आणि फडातले ते शब्द लालासाहेबांनी साहेबांपुढे पुन्हा उच्चारावेत. पदक राहू द्यावे. दुसऱ्या पोराच्या पाठीवर त्यांचा हात मात्र पडू देऊ नये.

उंबऱ्यात वाट बघत बसलेली,
राहीबाई (डाव्या हाताचा अंगठा)
उंब्रज, ता. २ मे १९४३

सोबत : पेढ्यांचा पुडा, न सोडलेला. मुंग्या लागल्या असतील.

साक्ष : "अर्जुना माज्या सयाजीपरीस पाच वर्सानं धाकटा. बारशाला मीच पाळण्यात घातला त्येला." साळूबाई, सदर लालासाहेब यांचे कुटुंब. (अंगठा)