निम्म्या वेगाची कॅसेट

सॉइन्टुला, ४ ऑगस्ट १९९१

चि. हेल्मीस अनेक आशीर्वाद.

मागच्या कॅसेटवरचे आवाज ओळखून पाठवलेली तुझी उत्तरं तपासली. दहापैकी सात बरोबर. मात्र जिला तू ऑर्का देवमाशाची हाक म्हणालीस, ती तुझ्या एइनो काकांच्या बोटीवरची जाळं ओढायची चरखी आहे. हे कळल्यापासून स्वारी खुशीत आहे.

मला मात्र यंदा चैन नाही. आपल्या बुटक्या पराच्या म्हाताऱ्या ऑर्काचं, म्हातारीचं, कुटुंब अजून आलेलं नाही. धुक्यामुळे खिडकीतून काही दिसत नाही, आणि पाण्यातल्या माइकवरही त्यांची हाक नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. म्हातारी गेली असेल का गं? रोज वहीत ‘आली नाहीत’ लिहिताना हात जड होतो. सोबत कालची कॅसेट. तिच्यात नुसत्या जहाजं ओढणाऱ्या टगबोटी आहेत. त्या तरी नीट ओळखायला शीक.

माया आहेच, पत्र तेवढं लवकर धाड.

तुझी आत्या, इर्या

व्हँकुव्हर, ११ ऑगस्ट १९९१

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काकांना म्हणावं, चरखीचा गळा गोड आहे.

आत्या, दोन दिवस मी हे पत्र लिहून फाडते आहे. त्या कॅसेटवर टगबोटींच्या मागे म्हातारीचं कुटुंब आहे. आधी बिजागरी करकरावी तसा आवाज आणि मग वर चढत जाणारी शीळ; तूच शिकवलेली. वाटलं, माझीच चूक. म्हणून मैत्रिणीला ऐकवलं. तिला ऑर्कातलं ओ की ठो कळत नाही, पण शीळ तिलाही ऐकू आली. मग मला रडू आलं. तुझ्या कानांना बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत, हे कोणत्या तोंडाने सांगू? पण ती मेली समजून तू झुरत बसावंस, हेही बघवेना.

इथल्या यंत्रावर ती कॅसेट निम्म्या वेगाने चालवली. तसं केलं की आवाज जाड होऊन खाली उतरतो. ती प्रत पाठवते आहे. रागाव हवं तर, पण ऐक.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी, हेल्मी

सॉइन्टुला, १९ ऑगस्ट १९९१

चि. हेल्मीस आशीर्वाद.

रागावले होते. कॅसेट दोन दिवस पिठाच्या डब्यामागे टाकली होती. काकांना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले की त्यांना जुलैपासून ऐकू येत होतं, सांगायचा धीर झाला नाही. म्हणून मी माइकच्या स्पीकरजवळ बसले की हे जाळी दुरुस्त करायला बाहेर पळत. त्यांच्याशी एक दिवस बोलले नाही.

मग ऐकली. पहिल्याच हाकेला हातातली कॉफी सांडली. सावकाश बोलतात गं सगळी, थकल्या माणसाशी बोलावं तशी. चारदा ऐकली आणि पोटभर रडले.

वहीतलं ‘आली नाहीत’ सगळं खोडलं. इतके दिवस ती दारात येऊन हाका मारत होती आणि मी त्यांचं सुतक धरून बसले होते. यापुढे मी एकटीने वही धरायची नाही, हे कळलंय मला. सुट्टी संपायच्या आत ये. तू स्पीकरजवळ बस, मी शेजारीच खिडकीशी बसेन. हाक आली की माझ्या हातावर बोट टेकव.

तुझी वाट बघणारी, आत्या