एका दिवसाचे छप्पर

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, मुळशी, मु. पौड

विषय : पक्के छप्पर दाखवून घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतून काढलेले नाव पूर्वीच्या क्रमांकावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : मौजे पिंपळखोरे येथील ग्रामसभेत वाचलेली यादी.

महोदय,

घरकुलाच्या यादीत माझी पत्नी अनुसया हिचे नाव होते. नंबर जवळ आला आणि ती आषाढात वारली.

१) आमचे घर मातीचे आहे. कौले फुटली म्हणून वर प्लास्टिकचा कागद टाकला आहे. अनुसयाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाऊस होता. माझा चुलतभाऊ शेखर म्हणाला, "दादा, वहिनीच्या कार्याला लोकं भिजाय नगं. मी पत्रं आणतो." तो भूगावला बांधकामावर मुकादम आहे. तिथले पत्रे आणून त्याने घरावर टाकले. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो.

२) त्याच दुपारी शेखर घरकुलाच्या पाहणीच्या कर्मचाऱ्यांना घेऊन आला. कार्याला आलेले पाहुणे समजून मी त्यांना जेवायला वाढले. ते फोटो काढू लागले तेव्हा मला वाटले, अनुसयाची आठवण म्हणून काढतात. मी तिची तसबीर घेऊन दारात उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पत्रे परत गेले.

३) ग्रामसभेत यादी वाचली तेव्हा कळले की "पक्के छप्पर" म्हणून आमचे नाव काढले. पाहणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून शेखरची सही आहे. आमच्या जागी त्याची बायको वैशाली हिचे नाव आले आहे. मी सर्वांसमोर त्याला विचारले. तो म्हणाला, "पत्रं व्हतेच की त्या दिवशी. मी खोटं काय सांगितलं?" सगळी भावकी त्या पंगतीला जेवली होती. पत्रे कुठले, हे सर्वांना माहीत होते. कोणी तोंड उघडले नाही.

शेखरचेही घर गळते. त्याला देऊ नका असे मी म्हणत नाही. त्याच्या नंबरला त्याला मिळावे. पण ज्याचे नाव काढायचे त्याला आधी विचारावे. मला कोणी विचारले नाही.

तरी आपण स्वतः यावे, न सांगता यावे, पाऊस असताना यावे. कागदावरचे छप्पर घरावर दिसले तर मी अर्ज मागे घेईन. नाही दिसले तर नाव परत लिहावे. अनुसयाचेच राहिले तर बरे. नियमात बसत नसेल तर माझे लिहावे.

आणि तो फोटो दप्तरातून काढून मला द्यावा. न गळणाऱ्या छपराखाली आम्ही दोघे उभे राहिलो ते तेवढेच, आणि तेव्हा ती तसबिरीत होती.

आपली वाट पाहणारा,
कोंडीराम धर्मा भालेराव
मु. पिंपळखोरे, ता. मुळशी, जि. पुणे
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : १) पत्नीच्या मृत्यूचा दाखला
२) घराचा आजचा फोटो