अंतरपाट मीच शिवणार

८ एप्रिल १९९७, पाडवा
नव्या वर्षाचा संकल्प: चि. सौ. कां. तृप्तीच्या लग्नातला अंतरपाट मी स्वतः शिवणार. साखरपुड्याला घोटीच्या व्याह्यांसमोर तसे जाहीर करून बसलो आहे, आता माघार नाही. नवरानवरीच्या मध्ये धरायचे कापड ते. काठ दुमडायचे, चार बाजूंनी शिलाई मारायची, झाले. ज्याने उभे व्याकरण पचवले त्याला चार सरळ रेषा जड नाहीत.
येवल्याहून पिवळे रेशीम आणले. मोहिनी म्हणाली, द्या इकडे, कुकर होईपर्यंत शिवून देते. बायकोचा हा स्वभावच. दुसऱ्याला यश मिळू द्यायचे नाही.
लग्नात खांद्यावर माझी सत्काराची शाल असेल. तिला कोणी हात लावायचा नाही, हेही आज सांगून टाकले.

१२ एप्रिल, शनिवार
मशीनचा अभ्यास. सुईजवळ कापड वरून दाबून धरणारा एक लोखंडी पाय असतो. मोहिनी त्याला फूट म्हणते. दाब कमीजास्त करायला वर डोक्यावर स्क्रू. त्यात कैक खंडेनवम्यांचे हळदकुंकू घट्ट बसलेले. पूजा भरपूर, मेंटेनन्स शून्य. पक्कड लावून फिरवला.
सिद्धांत: रेशीम निसरडे. निसरड्याला धाक हवा. वर्गात इतकी वर्षे हेच केले. (निकाल हा वेगळा विषय.) स्क्रू होता तेवढा आवळला.
मोहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, अहो, रेशमाला दाब कमी लागतो. तिच्याकडे अनुभव आहे, शास्त्र नाही.

१३ एप्रिल
पहिली बाजू शिवली. काठ कुरडईसारखा चुणला. रेशमावर कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दात्यांचे वळ. दुकानदाराने फसवले. उसवले तर भोके राहिली, म्हणून तेवढी कड कापून टाकली. बरेच झाले. कापड जरा जास्तच होते.

१७ एप्रिल
पुन्हा शिलाई. पुन्हा चुण्या. पुन्हा छाटणी. दहावी क च्या उत्तरपत्रिका तशाच पडल्या आहेत. हेडमास्तरांना कळवले, घरी कार्य आहे.
तृप्ती म्हणाली, बाबा, मनोज सहा फूट आहे. म्हटले, असू दे. अंतरपाटाने नवरदेव झाकायचा नसतो, दृष्टी झाकायची असते. दृष्टी डोळ्यांत, डोळे दोन. कापड कितीसे लागते? ती आईकडे बघून हसली. मुलींना शिकवावे, पण कुठेतरी थांबावे.

२४ एप्रिल
स्वतंत्र चिंतनातून लक्षात आले की रेशमाला दाब कमी लागतो. मोहिनीला नीट समजावून सांगितले. तिने हातातले लाटणे खाली ठेवले. पटले असावे.

२७ एप्रिल, दुपारी ४
स्क्रू सोडवत गेलो. दाब जितका कमी तितके उत्तम, हा माझा उपसिद्धांत. फट्! स्क्रू उडाला, मागोमाग आतली स्प्रिंग. स्प्रिंग चष्म्यावर आदळल्याने लगेच सापडली. स्क्रू नाही. खोलीभर रुखवताचा पसारा: शेवया, चिवडा, वळायला घेतलेल्या लाडवांची परात. कुठे शोधणार? मोहिनीला सांगितले नाही. कार्याच्या घरात उगाच टेन्शन नको.

२९ एप्रिल
तिला कळले. तृप्तीचे लग्नातले ब्लाऊज मशीनवाचून अडले होते. कापडे उचलून शेजारी गेली, संध्याकाळपर्यंत सगळे शिवून आली. मशीन मला मोकळे मिळाले, हा फायदा.
स्क्रूऐवजी बोटाने दाब देऊन शिवले. टाके काही मुंगीएवढे, काही गोगलगाईएवढे. हाताच्या कामाला जिवंतपणा असतो तो असा.

३ मे
अंतरपाट सिद्ध! चारही बाजू. अतिशय सुटसुटीत, झब्ब्याच्या खिशात बसतो. मोहिनीने विचारले, दुसरे काही काढून ठेवू का? दुखावलोच. म्हटले, माझ्यावर विश्वास नाही? ती हळदीची वाटी घेऊन गेली.

४ मे, रविवार. कार्य पार पडले
सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही, तरी सत्य ते लिहावे.
मुहूर्ताआधीच मनोजच्या आत्या अक्काबाई लाडू चावताना किंचाळल्या. तोंडातून स्क्रू काढून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, मास्तर, लाडवात बेदाणा घालत्यात आमच्याकडं, नाशकात लोखंड घालायची रीत हाय का? म्हटले, शोधत होतो. आभार.
मग गुरुजींनी अंतरपाट मागितला. मी खिशातून काढला. दोन मामांनी दोन टोके धरली, तर त्यांची कपाळे एकमेकांवर आपटली. वर धरला तर खालून हार दिसे, खाली धरला तर वरून मनोज. तो आणि तृप्ती खुशाल एकमेकांकडे बघून हसत होते. अक्काबाई म्हणाल्या, मास्तर, विरजणावरचं फडकं इथं कशाला आणलं? गुरुजी घड्याळ दाखवू लागले.
तेवढ्यात मोहिनी आली. काही न विचारता माझ्या खांद्यावरची शाल ओढली आणि मामांच्या हातात दिली.
शाल पुरेशी मोठी निघाली. तृप्ती तिच्यापलीकडे दिसेनाशी झाली. 'सावधान' म्हणताना माझा आवाज बसला. उदबत्त्या फार लावल्या होत्या.

६ मे
घर शांत. अक्काबाईंनी परत केलेला स्क्रू मोहिनीने बसवला. थोडा फिरवला, रेशमाची चिंधी घालून पाहिली. टाका सरळ. मी मार्गदर्शनासाठी शेजारी उभा होतो.
मग तिने माझा अंतरपाट मशीनवर पसरला. अगदी मापात बसला. म्हटले, बघ, कष्ट कधी वाया जात नाहीत.
म्हणाली, कसे जातील? आता तुमच्या आणि मशीनच्या मध्ये हाच. आणि मंगलाष्टका कितीही म्हटल्यात, तरी हा दूर व्हायचा नाही.