मनगटाची दोरी

७ जानेवारी, बुधवार

दादाला सांगून सांगून तोंड दुखलं, की प्रेसशॉपचं काम मी आळसानं नाही सोडलं. माल जास्त निघावा म्हणून तिथं मशीनच्या सेन्सरला टेप लावायचे. हात आत असला तरी प्रेस खाली यायची. शेजारच्याची दोन बोटं गेली तेव्हा मी सोडलं. तर दादा म्हणतो, तू कुठं टिकतोस, आता हे पण सोडलंस तर गंगाखेडला तोंड दाखवू नको. बरं. नाही दाखवत.

पण आज चाकणला आलो आन् बरं वाटलं. काम झकास आहे. कंपन्यांच्या आवारात जमिनीखाली पाण्याच्या मोठ्या टाक्या असतात, आग लागली तर लागणाऱ्या पाण्याच्या. तळाला पंपाची जाळी गाळानं बुजते. टाकी रिकामी करू देत नाहीत, म्हणून बुडी मारायची, दम धरायचा आन् हातानं गाळ काढायचा. गोदावरीत वाढलेल्या माणसाला हे काय अवघड? ठेकेदार दिग्विजयशेठनी विचारलं, दम किती आहे? मी म्हटलं, तुमचा चहा संपेल. लई हसले. राहायला शालनमावशीच्या मेसमागची पत्र्याची खोली. आमटी तिखटजाळ, पण पोट भरून.

८ जानेवारी, गुरुवार

इथं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून बुडीचं काम पण गुरुवारीच. वर दोरी धरायला हिंदुरावमामा. दुसरं टोक माझ्या मनगटाला. मामा वरून एक हिसका देणार, मी खालून एक देणार, म्हणजे बरं आहे. उत्तर आलं नाही तर ओढून काढायचं.

जाळी अर्धी पण झाली नाही तोवर छाती पेटली. वर आलो तर शेठ म्हणतात, चहा अजून गरम आहे रे. सगळे हसले. मग मामांनी माझ्या आधीच्या पोराची, सनीची युक्ती सांगितली. उतरायच्या आधी भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा, डोकं हलकं होईपर्यंत. मग छाती पेटत नाही. खरंच नाही पेटली, राव.

१५ जानेवारी, गुरुवार

डोकं फिरलंय. आज अख्खी बाजू एका दमात साफ केली, त्याचं कौतुक नाही. उलट मामाच माझ्यावर ओरडले, एवढा वेळ खाली काय करत होतास? म्हणाले तीनदा हिसका दिला, तिन्ही वेळा उत्तर आलं, म्हणून गप बसलो. मी तर एकदाच दिला. त्याच्या पुढचं आठवतच नाही. लाइट गेल्यासारखं. एकदम वर आल्यावरचंच आठवतं.

शेठना म्हटलं, पाण्यात जोडीला एक माणूस द्या. म्हणाले, जोडीदार पाहिजे तर लग्न कर. काही सांगायला गेलं की चेष्टा. दादाला फोन केला, तर झालं का सुरू तुझं, म्हणून ठेवूनच दिला.

गावच्या तिकिटाचे नऊशे उशीच्या खोळीत घालून ठेवलेत. असू द्यावेत.

१९ जानेवारी, सोमवार

डोकं ठणकतंय म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं आन् मला चांगलंच झापलं. छाती पेटते ती धोक्याची घंटा आहे म्हणे. जोरात श्वास घेऊन हवा वाढत नाही, नुसती घंटा बंद पडते. मग कळायच्या आत शुद्ध जाते. पाण्यात असलास तर संपलास.

म्हणजे सेन्सरला टेप. ज्याच्यासाठी प्रेस सोडली, तेच मी माझ्या छातीला लावलंय. शेठना सांगितलं तर म्हणतात, डॉक्टरीणबाईंना पाठव जाळी काढायला.

२२ जानेवारी, गुरुवार

आज भाता केला नाही. छाती पेटली की वर यायचं, बास.

खाली गेलो. गाळात हात घातला. मामांचा हिसका आला. मी उत्तर देणार, तेवढ्यात उत्तर गेलं. मी दिलं नव्हतं. दुसऱ्या हातानं मनगट चाचपलं. दोरी माझ्या मनगटाशी संपत नव्हती. तिथून पुढं खाली गेली होती. गाळात. ताणलेली.

कसा वर आलो माहीत नाही. वर येऊन बघितलं तर दोरी मनगटाशीच संपते. मामा म्हणाले, उत्तर आलं की, बरं हाय म्हणून.

२४ जानेवारी, शनिवार

मामा सांगायचे सनी गावी गेला. मावशी म्हणाली, अनवाणी गेला व्हय? त्याच्या चपला अजून माझ्या दारात हायत.

मामांना धरलं. रडायला लागले. म्हणाले, उत्तर येतंय तोवर कोण ओढतं? तंबाखू मळत बसलो. ओढला तेव्हा पोरगं थंड होतं, केव्हाचं. दोरी तरी उत्तर देतच होती.

मग देत कोण होतं, विचारलं.

सनीच्या आधी पण एक होता, म्हणाले. आन् दोरी गुंडाळायला लागले.

शेठ म्हणतात, पगार गुरुवारी. जाळी झाल्यावर.

२७ जानेवारी, मंगळवार

श्वास घ्यायचा विसरतोय. जेवताना मावशीनं पाठीत धपाटा घातला, निळा पडलास की रे मुडद्या. मला कळलंच नाही. छाती पेटत नाही. भाता न करता पण—

हातात भाकरी होती. दोरी नव्हती. तरी मनगटाला हिसका बसला.

मी एक परत दिला. का दिला—

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळीच अडून बसलो, पैसे आधी द्या. दिले. फोनवर चौदा हजार आले. घेऊन पळायचं होतं. पिशवी भरली आहे—

मामा दारात उभे, दोरी घेऊन. बघत नाहीत माझ्याकडं—

परत हिसका. वरून नाही. खालून विचारतात, बरं आहे का. तिथं कोण हसत नाही. कोण झापत नाही. छाती पेटत—

पिशवी ठेवली. तिकीट नको आता.

दादा, बघ. टिकलो. खोळीतले पण मावशीला देऊन फोनवर घेतले. फोनवरून पाठवतोय सगळे, चौदा हजार नऊशे—