उंबऱ्याशी आलेला रस्ता

अण्णा, आपल्या दारापुढच्या उरलेल्या दोन्ही पायऱ्या गेल्या महिन्यात रस्त्याखाली गेल्या. पाडल्या नाहीत कोणी. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि तो थेट उंबऱ्याशी येऊन टेकला. गल्ली आता तुम्हाला ओळखू यायची नाही. नाली झाकली, दिवे लागले, चिखल गेला. पण जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा ओतायचा, ही रीत मात्र तुमच्या वेळची तीच आहे.

किती हट्टाने बांधल्या होत्या तुम्ही त्या पायऱ्या! नालीचं पाणी घरात शिरून ज्वारीची पोती भिजली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात घाटनांदूरचा गवंडी आणून तुम्ही जोतं चढवलंत आणि पुढे तीन पायऱ्या काढल्यात. मग गल्लीत डांबर आलं. अजून डोळ्यांपुढे आहे, खालची पायरी बुडालीय आणि तुम्ही रोलरपुढे उभे राहून ड्रायव्हरवर ओरडताय, "का रं, खालचं खोदायला काय हात मोडलेत? माझी पायरी गिळली की!" तो नुसता हसतोय आणि मी शरमेने घरात पळतोय.

तुम्ही गेल्यावर मायचे गुडघे गेले. तिला पायऱ्या उतरता येईनात. दवाखान्यात न्यायचं तर मी उचलून न्यायचो आणि तिला त्याची फार लाज वाटायची. गल्लीपलीकडच्या काकूंनाही पायऱ्या चढता येत नव्हत्या, म्हणून त्यांच्याशी ती इतकी वर्षं दारात बसून, ओरडूनच बोलली. कोणाचं दुखणं, कोणाची सोयरीक, सगळं गल्लीला ऐकू जायचं. मनातलं म्हणून काही दोघींना बोलताच आलं नाही.

नवा रस्ता झाला तसे शेजारी मागे लागले, "भराव टाका, घर उंच करून घ्या. न्हाई तर समदं पाणी तुमच्याच घरात हाय." खोटं नाही ते. परवाच्या पावसात पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं. मी गवंडी बोलावला. तो नव्या जोत्याची आणि पायऱ्यांची मापं घेत होता, तेवढ्यात माय म्हणाली, "पायऱ्या नको करू रं. पाणी आलं तर काढू आपुन." आणि भिंतीला धरून उंबरा ओलांडून ती सरळ रस्त्यावर गेली. काकूंच्या दारात जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि हळू आवाजात कितीतरी वेळ बोलल्या. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

गवंड्याला मी परत पाठवलं. दाराला पावसापुरती लावायची आडवी फळी केलीय, धान्य माळ्यावर चढवलंय. पुढचे पाऊस कसे जातील, खरंच ठाऊक नाही.

हे पत्र टाकायला कुठे पत्ता नाही, आणि मायला वाचूनही दाखवणार नाही. तुम्ही असता तर दुसऱ्याच दिवशी पायऱ्या उभ्या केल्या असत्या, तिचं ऐकलं नसतं. अण्णा, ती पलीकडे बसून हसताना दिसली, तेव्हा तुम्ही नाही आहात याचं मला क्षणभर बरं वाटलं.